अंबरी, ॲशमीड्स कर्नल आणि ‘छान गोड’च्या पुढची चव : वाचकांचे प्रश्न

कमी ठाऊक असलेल्या सफरचंदांविषयी आलेल्या पत्रांपैकी निम्म्यांहून जास्त पत्रांत एकच अडचण आहे : फळ आवडतं, पण त्याची चव सांगायला शब्द सापडत नाहीत. म्हणून या वेळी पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर दिलं आहे. पुढच्या काही उत्तरांत त्याचाच आधार घेतला आहे, त्यामुळे ते आधी वाचावं.

प्रश्न : शोपियाँहून ओळखीच्यांनी अंबरीची अर्धी पेटी पाठवली. फळं ऑक्टोबरच्या मध्यावर उतरवलेली आहेत. घरात सगळ्यांनी खाल्ली आणि सगळे म्हणाले, ‘छान गोड आहेत’. बाजारातलं नेहमीचं डेलिशस सफरचंद खाल्लं तरी आम्ही हेच म्हणतो. मग अंबरीचं वेगळेपण कशात आहे? आणि नीट चाखून ते लिहून काढायचं तर कसं? – एक वाचक, ठाणे

‘छान गोड’ हे चूक नाही, अपुरं आहे. अंबरी गोड लागते ती जितकी साखरेमुळे, तितकीच आंबटपणा कमी असल्यामुळे. सफरचंदातलं मुख्य आम्ल म्हणजे मॅलिक आम्ल. गोड जातींत ते साधारण ०.२ ते ०.३ टक्के असतं, तर इंग्लंडच्या ब्रॅम्लीसारख्या शिजवून खायच्या जातीत १ टक्क्याच्या आसपास जातं. साखरेत मात्र जातीजातींत एवढी तफावत नसते. बहुतेक फळं ११ ते १५ टक्क्यांच्या आतबाहेर येतात. म्हणजे ‘गोड’ हा एकच शब्द लिहिला, की साखर जास्त आहे की आम्ल कमी आहे हे वाचणाऱ्याला कळत नाही. डेलिशस आणि अंबरी दोन्ही कमी आंबट असल्यामुळे तुमच्या घरी दोघांना एकच शेरा मिळाला. त्यांच्यातला फरक वासात, गराच्या बांध्यात आणि टिकण्यात शोधायला हवा.

अंबरी हे काश्मीरच्या मातीतलं जुनं सफरचंद. डेलिशस खोऱ्यात पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासूनचं. १८९५ मध्ये काश्मीरचं वर्णन लिहिणाऱ्या वॉल्टर लॉरेन्स या जमाबंदी अधिकाऱ्याने ते तिथलं सर्वांत लोकप्रिय सफरचंद असल्याचं नोंदवलं आहे. ऑक्टोबरात पिकणारं, दीर्घकाळ टिकणारं, आणि गोडी व देखणेपणामुळे खाली हिंदुस्थानात भरपूर जाणारं, असं तो लिहितो. पुढे ते मागे पडलं, कारण झाड मोठं होतं, फळाला उशिरा येतं आणि एका वर्षी लदलदून दुसऱ्या वर्षी हात आखडतं. बागायतदाराला दरवर्षी पेटी हवी असते, म्हणून बागा डेलिशसकडे वळल्या. अंबरीचा वास आणि टिकाऊपणा हाती राहावा म्हणून काश्मीरमध्येच तिचे संकर झाले : रेड डेलिशसशी लाल अंबरी, गोल्डन डेलिशसशी सुनहरी. तुमच्या पेटीत अस्सल अंबरी असेल, तर जी दोन वैशिष्ट्यं नव्या पिढीत उतरवण्यासाठी एवढी खटपट झाली, तीच तुम्हाला चाखायची आहेत.

आता तयारी. फळं फ्रिजमधून दीड-दोन तास आधी बाहेर काढा. १८ ते २० अंशांच्या आसपास फळाचा वास नीट सुटतो. थंडगार फळात तो दबलेला असतो आणि गोडीही कमी जाणवते. फळ कोमट पाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने पुसा. एकाच फळावरून मत बनवू नका. निदान तीन घ्या, कारण झाडाच्या शेंड्यावरचं आणि आतल्या सावलीतलं फळ एकाच पेटीत शेजारी शेजारी येतं. विळी वापरू नका. लोखंडाचा गरातल्या टॅनिनशी संयोग होऊन गर काळपटतो आणि धातूची चव येते. शिवाय विळीला कांद्या-लसणाचा वास असतोच. स्टीलची स्वच्छ सुरी घ्या. वेळ सकाळी दहा-अकराची, चहा होऊन तास उलटल्यावरची. मध्येच तोंड साफ करायला साधं पाणी आणि बिनमिठाच्या पोळीचा तुकडा. चाट मसाला अर्थातच नको.

कापण्याआधी फळ नाकाशी धरा, आधी देठाकडून, मग बुडाकडून. जो वास येईल तो लगेच लिहा, पुढच्या वासात तो हरवतो. सफरचंदाचा सुगंध मुख्यतः ईस्टर जातीच्या संयुगांचा असतो आणि ती सालीत भरपूर बनतात, म्हणून अख्ख्या फळाचा वास महत्त्वाचा. मग कापा आणि लगेच पुन्हा हुंगा. आता जो ओल्या गवतासारखा, हिरवट वास येतो तो फळात आधीपासून नसतो. पेशी फुटल्यावर काही सेकंदांत तो तयार होतो आणि मागे पडतो. हा हिरवटपणा फळाच्या खात्यावर मांडणं ही नवख्यांची हमखास होणारी चूक आहे.

फोड देठापासून बुडापर्यंत उभी काढा, एक लालीच्या बाजूची आणि एक फिक्या बाजूची. उन्हाकडची बाजू बहुधा जास्त गोड असते. पहिला घास सालीसकट घ्या, दुसरा साल काढून. नाक चिमटीत धरून चावायला सुरुवात करा. या वेळी कळतं ते फक्त गोड, आंबट, कडू, तुरट आणि दाताला लागणारा पोत. आठ-दहा वेळा चावून झालं की नाक सोडा आणि तोंड मिटून श्वास बाहेर टाका. त्या क्षणी घशामागून जो दरवळ नाकात चढतो तोच खरा ‘स्वाद’. अंबरी आणि डेलिशसच्या फोडी पाठोपाठ अशा खाऊन पाहा. नाक बंद असताना दोन्हींतला फरक पोतापुरता उरतो; नाक सोडलं की अंबरी डेलिशसपासून वेगळी होते.

पोतासाठी मराठीत शब्दांची ददात नाही, फक्त ते मोजून वापरायला हवेत. दात बसताच फोड आवाज करून तुटते आणि रस सुटतो तो गर करकरीत. घट्ट आहे पण बारीक दाण्याचा, सावकाश फुटणारा, तो दाट किंवा कसदार. हलका, दात टेकताच विरघळणारा तो खुसखुशीत. रस असूनही तुकडे मोकळे होतात तो रवाळ. रस न सुटता जिभेवर कणकेसारखा पसरतो तो पिठूळ. चावून चावून तोंडात उरतो तो चोथा. सालीचा चोथा आणि गराचा चोथा वेगवेगळा लिहा. साल पातळ की जाड, चावताना गराबरोबर तुटते की दातात अडकते, हेही सांगा.

तुरट आणि कडू यांत गल्लत होते. कडवटपणा जिभेवर कळतो. तुरटपणा गालांच्या आतल्या बाजूला आणि हिरड्यांवर कळतो. तोंड कोरडं पडल्यासारखं होतं, जांभूळ खाल्ल्यावर होतं तसं.

आंबटपणाचं माप ठरवायला घरी तीन पेले तयार करा. १०० मिली पाण्यात ५ ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून बाटलीत भरा. तीन पेल्यांत प्रत्येकी १२ ग्रॅम साखर घ्या. पहिल्यात या द्रावणाचा ५ मिलीचा १ चमचा, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ४ घाला आणि प्रत्येक पेला पाण्याने १०० मिलीपर्यंत भरून ढवळा. लिंबूसत्त्वात सायट्रिक आम्ल असतं, मॅलिक नव्हे. सायट्रिकचा आंबटपणा चटकन येऊन जातो, मॅलिकचा रेंगाळतो. पण तुलनेसाठी एवढं पुरतं. पहिला पेला म्हणजे ‘मंद’, दुसरा ‘मध्यम’, तिसरा ‘तीव्र’. साखर तिन्हींत सारखीच असूनही तिसरा पेला कमी गोड लागेल. घरातल्या प्रत्येकाने हे तीन घोट घेऊन मग फळ चाखलं, तर सगळ्यांच्या ‘आंबट’चा अर्थ एक होतो. अंबरी पहिल्या पेल्याच्या आसपास बसली पाहिजे.

नोंदीत फळाची अवस्था सर्वांत वर लिहा : कुठलं, कधी उतरवलं, कुठे आणि किती दिवस ठेवलं, किती फळं चाखली. हे नसेल तर खालच्या वर्णनाचा दुसऱ्याला उपयोग नाही. नमुन्याला ही एक नोंद :

‘अंबरी, शोपियाँ. उतरवून ४ आठवडे, त्यातले २ फ्रिजमध्ये. १२ नोव्हेंबर, ३ फळं. उभट, बुडाकडे निमुळतं. हिरवट-पिवळ्या मूळ रंगावर लाल पट्टे. अख्ख्या फळाचा वास हातभर अंतरावरून येतो. गर पांढरट, करकरीत. गोडी ठळक, आंबटपणा मंद, तुरटपणा जवळजवळ नाही. नाक सोडल्यावर वास वाढतो आणि घास गिळल्यावरही राहतो. तीनपैकी सावलीकडचं एक फळ फिकं.’

त्या शेवटच्या वाक्याला आम्ही फार मानतो. तिन्ही फळं सारखी नव्हती हे लिहिणाऱ्याच्या इतर वाक्यांवर विश्वास बसतो.

आणि एक विनंती. पेटीतली डझनभर फळं संपवू नका. सच्छिद्र पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा, केळ्यांपासून लांब, आणि डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारीत तीन-तीन काढून हीच नोंद पुन्हा करा. टिकणं हा अंबरीच्या चवीचाच भाग आहे. उरलासुरला स्टार्च साखरेत बदलतो, आम्ल आणखी उतरतं, वास बदलत जातो. चार महिन्यांच्या चार नोंदी शेजारी ठेवल्या, की अंबरी म्हणजे काय ते कागदावर दिसेल.

प्रश्न : मार्चमध्ये बाजारातून ‘अंबरी’ म्हणून दोन किलो आणली. दिसायला लालभडक, चकचकीत. खायला पिठूळ आणि वास अजिबात नाही. अंबरी अशीच असते का? – एक वाचक, पुणे

बहुधा ती अंबरी नव्हतीच. फळ उलटं करून बुडाकडे पाहा. तिथे पाच ठसठशीत उंचवटे असतील तर डेलिशसच्या घराण्याची शंका घ्या. अंबरीच्या अंगावर लालीचे पट्टे दिसतात आणि मधून मूळ रंग डोकावतो. सगळीकडे सपाट गडद लाल चढलेलं फळ असेल तर जरा थांबावं. काश्मिरी नावांचीही बाजारात सरमिसळ होते. ‘अमेरिकन’ नावाची एक वेगळी जात तिकडे आहे आणि उच्चारात ‘अमरी’शी, म्हणजे अंबरीच्याच दुसऱ्या नावाशी, तिची गल्लत होते. गडद लाल अंगावर पांढरे ठिपके असलेली ‘महाराजी’ तर चांगलीच आंबट असते, चाखताच ओळखू येते.

पिठूळपणाचं कारण समजून घेण्याजोगं आहे. ताज्या फळात पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. दात बसला की पेशीच फुटते आणि आतला रस जिभेवर येतो. फळ जुनं झालं, विशेषतः उबेत पडून राहिलं, की पेशींना जोडणारा पेक्टिनचा थर सैल होतो. मग दाताखाली पेशी फुटत नाहीत, नुसत्या एकमेकींपासून सुटतात. रस आत तसाच बंद राहतो आणि जिभेला कोरडे कण लागतात. म्हणजे पिठूळ फळ वाळलेलं नसतं. पिळून पाहिलंत तर त्यातून पाणी निघेल, पण खाताना ते मिळत नाही.

वास नसण्याचं कारण वेगळं. शरदात उतरवलेलं फळ मार्चपर्यंत नियंत्रित हवेच्या शीतगृहात, कमी प्राणवायूत ठेवतात. त्याने घट्टपणा टिकतो, पण सुगंधी ईस्टर बनवण्याची फळाची क्षमता मंदावते आणि फार दिवस ठेवलं तर बाहेर काढल्यावरही पूर्ण परतत नाही. तुमच्या फळांवर दोन्ही गोष्टी ओढवलेल्या दिसतात : शीतगृहात वास गेला आणि नंतर हातगाडीवरच्या उन्हात गर सैल झाला. बाहेरच्या उबेत सफरचंद शीतगृहापेक्षा कित्येक पट वेगाने म्हातारं होतं.

अशा फळावर चवीची नोंद करू नका. ती नोंद जातीची होणार नाही, साठवणीची होईल. उरलेली किसून तुपावर परता आणि शिऱ्यात घाला. अंबरी चाखायची असेल तर ऑक्टोबर अखेर ते डिसेंबर या काळात, बागेतून थेट पाठवणाऱ्याकडून, उतरवल्याची तारीख विचारून घ्या. तारीख सांगता न येणाऱ्याकडून घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : इथल्या एका बागेच्या दुकानात ॲशमीड्स कर्नल नावाची खरखरीत, तपकिरी सफरचंदं मिळाली. मुलं म्हणाली, चिकू आहे. चव जबरदस्त, पण दात आंबले. दुकानदार म्हणाला, ‘पेअर ड्रॉप’ची चव शोधा. ते काय असतं आणि मराठीत काय म्हणायचं? – एक वाचक, स्लाउ, इंग्लंड

मुलांनी चिकू म्हटलं ते वर्णन म्हणून पक्कं आहे, वहीत तसंच लिहा. या जातींना रसेट म्हणतात. कोवळ्या फळाची साल वाढताना बारीक तडकते आणि खाली बुचासारख्या पेशींचा तपकिरी थर तयार होतो. हा रोग नव्हे, जातीचा स्वभाव. नावातला कर्नल सैन्यातला नाही. इथे त्याचा अर्थ बी. ग्लॉस्टरमध्ये १७०० च्या सुमारास ॲशमीड नावाच्या गृहस्थांच्या बागेत बीपासून उगवलेलं हे झाड. तुम्ही स्लाउला आहात, तर हेही सांगायला हवं की इंग्लंडचं सर्वांत नावाजलेलं खायचं सफरचंद, कॉक्सेस ऑरेंज पिपिन, तुमच्या शेजारच्या कोलनब्रुकमध्ये १८२५ च्या सुमारास रिचर्ड कॉक्स यांनी बीपासून वाढवलं.

पेअर ड्रॉप ही तिथली जुनी साखरेची गोळी, नासपतीच्या आकाराची. तिचा वास आयसोअमाइल ॲसिटेट या ईस्टरचा असतो आणि पिकल्या केळ्याच्या वासातही मुख्य वाटा त्याचाच. त्यामुळे आपल्याकडच्या वाचकासाठी ‘केळ्याच्या इसेन्सची आंबटगोड गोळी’ असं लिहा. ज्याने पेअर ड्रॉप कधी खाल्लेली नाही त्याला ते इंग्रजी नाव काहीही सांगत नाही. मात्र जो वास तुम्हाला स्वतःला आला नाही तो दुकानदाराने सांगितला म्हणून लिहू नका. आधी तुमचे शब्द लिहा, मग त्याचे वाचा.

दात आंबले याचं कारण वेळ. ॲशमीड्स कर्नल ऑक्टोबरच्या मध्यावर उतरवतात, पण त्याची खरी वेळ डिसेंबर ते फेब्रुवारी. या फळात साखर आणि आम्ल दोन्ही चढी असतात. ताज्यात आम्ल पुढे येऊन साखर झाकतं. साठवणीत आम्ल हळूहळू खर्च होतं आणि दोन्हींचा मेळ बसतो, मग गोळीचा तो वास स्पष्ट कळतो. आताच चाखून ‘फार आंबट’ असा शेरा मारलात तर जातीवर अन्याय होईल. शेरा मारायचाच तर तारखेसकट मारा.

ठेवताना एक गोष्ट सांभाळा. रसेटच्या सालीतल्या भेगांमधून पाणी लवकर उडतं, म्हणून उघड्या टोपलीत ही फळं महिनाभरात आजीच्या हातासारखी सुरकुततात. पॉलिथिनच्या पिशवीला पेन्सिलीएवढी आठ-दहा भोकं पाडा, एका थरात फळं ठेवा, तोंड नुसतं दुमडा आणि २ ते ४ अंशांत ठेवा. दर आठवड्याला पाहून डागाळलेलं फळ काढून टाका. किंचित सुरकुतलेलं चालतं. गर चिवट होतो पण गोडी दाटते, आणि काही जाणकार ते मुद्दाम तसं खातात.

त्याच दुकानात एग्रिमाँट रसेट मिळालं तर शेजारी ठेवून चाखा. ससेक्समधली ही जात १८७२ पासून नोंदलेली आहे. दिसायला भावंडं, पण एग्रिमाँटचा गर कोरडसर, आम्ल कमी आणि मागे राहणारी चव सुक्या मेव्याची. इंग्रजीत ‘नटी’ म्हणतात ते हेच. मराठीत नुसतं ‘मेव्यासारखं’ म्हणून भागत नाही, कोणता मेवा ते सांगा. आमच्या मते ताज्या अक्रोडाचं साम्य सर्वांत जवळचं, किंचित तुरट सालपटासकट.

प्रश्न : अंगणात ॲना जातीची दोन झाडं आहेत, यंदा चाळीसेक फळं धरली. लाली येईल म्हणून थांबलो तर फळं मऊ पडली; लवकर काढली तर कच्च्या बटाट्यासारखी लागतात. कधी काढायची? – एक वाचक, नाशिक

ॲना इस्राएलमध्ये तयार झालेली, कमी थंडीत फळणारी जात आहे. हिमाचलातल्या बिलासपूरच्या हरिमन शर्मांनी पुढे आणलेली एचआरएमएन-९९ हीसुद्धा कमी थंडीची, पण वेगळी. रोप देणाऱ्याने कोणतं दिलं याची खात्री करून घ्या.

लालीवर जाऊ नका. लाल रंगद्रव्य बनायला थंड रात्री लागतात आणि मे महिन्यात त्या तुम्हाला मिळणार नाहीत. लालीखालचा मूळ रंग पाहा : गवती हिरवा उतरून फिका पिवळसर होऊ लागला की वेळ जवळ आली. कच्च्या बटाट्याची उपमा अगदी नेमकी आहे, कारण दोन्हीकडे जिभेला लागतो तो स्टार्चच. तोच तपासायचा.

जखमेवर लावायचं टिंक्चर आयोडीन आणा. झाडाच्या मधल्या उंचीवरून, वेगवेगळ्या बाजूंची तीन फळं घ्या आणि आडवी कापा, म्हणजे बियांची चांदणी दिसेल. कापलेल्या भागावर आयोडीन कापसाने एकसारखं लावा आणि दोन मिनिटं थांबा. स्टार्च असेल तिथे निळं-काळं होतं, साखर झालेला भाग तसाच पांढरट-पिवळसर राहतो. स्टार्च गाभ्याकडून सालीकडे विरत जातो. सगळा काप काळा झाला तर आठवडाभर थांबा. गाभा मोकळा आणि बाहेरचा गर निम्मा काळा असेल तर काढायला सुरुवात करा. ॲना झपाट्याने मऊ होते, म्हणून हीच तिची वेळ. जवळजवळ सगळा काप पांढरा राहिला तर त्या दिवशीच काढून त्याच आठवड्यात खा. तपासलेली फळं फेकून द्या, खाऊ नका, जनावरांनाही घालू नका. आयोडीनचे डाग ओट्यावरून निघत नाहीत, तेव्हा खाली जुनं वर्तमानपत्र घाला.

फळं एकदम काढू नका. चार-चार दिवसांनी दोन-तीन खेपांत काढा. फळ तळहातात धरून वर उचलत किंचित पिळा. तयार असेल तर देठासकट सुटून येतं. ओढावं लागलं तर राहू द्या. काढण्याआधीच्या आठवड्यात भरमसाट पाणी देऊ नका, फळ फुगतं आणि चव पातळ होते. काढल्यावर तासाभरात सावलीत आणि मग फ्रिजमध्ये.

प्रश्न : कापल्यावर गाभ्याजवळ काचेसारखे ओले डाग दिसले. दुसऱ्या एका फळात सालीखाली तपकिरी, कडू ठिपके होते. खावं का? – एक वाचक, कोल्हापूर

दोन्ही खाता येतात. काचेसारखे डाग म्हणजे पानांतून आलेलं सॉर्बिटॉल हे गोड द्रव्य पेशींबाहेर साचून मोकळ्या जागेत पाणी भरलेलं. तो भाग जास्त गोड लागतो. फुजी जातीत तर लोक तो मुद्दाम शोधतात. मात्र असं फळ टिकत नाही, आतून तपकिरी पडतं, तेव्हा लवकर संपवा. तपकिरी कडू ठिपके कॅल्शियमच्या कमतरतेचे. मोठ्या आकाराच्या फळात आणि कमी फळं धरलेल्या झाडावर ते जास्त दिसतात. ठिपके कोरून काढा आणि उरलेलं खा. चवीच्या नोंदीतून मात्र ते फळ वगळा, कारण तो कडवटपणा जातीचा नाही.

प्रश्न : नोंदी ठेवायच्या तर ब्रिक्स मीटर घ्यावा का? – एक वाचक, सांगली

ब्रिक्स मीटर म्हणजे रसात किती काही विरघळलंय ते दाखवणारं यंत्र. द्राक्षवाल्यांकडे असतो तोच ० ते ३२ मापाचा हातातला रिफ्रॅक्टोमीटर चालतो, नवा घ्यायची गरज नाही. शेजारच्या बागायतदाराकडून तासाभरासाठी आणा. आधी डिस्टिल्ड वॉटरचा थेंब घालून शून्य जुळवा. फळ आणि यंत्र एकाच तापमानाला असू द्या. फोडीचा रस लसणाच्या दाबयंत्रातून काढायचा असेल तर ते आधी गरम पाण्याने नीट धुऊन कोरडं करा, नाहीतर त्याच फोडी चाखण्याच्या कामाच्या राहत नाहीत.

आकडा मिळाला तरी तो गोडीचा आकडा नाही, रसात विरघळलेल्या सगळ्याचा आहे. आम्लसुद्धा त्यात येतं. १३ ब्रिक्सचं मंद आम्लाचं फळ १५ ब्रिक्सच्या तीव्र आम्लाच्या फळापेक्षा गोड लागू शकतं. म्हणून आकड्यापुढे तीन पेल्यांपैकी कोणता तेही लिहा. लालीच्या बाजूचा आणि फिक्या बाजूचा आकडा वेगळा घ्या. दोन्ही वहीत राहू द्या आणि सरासरी तीन फळं पूर्ण झाल्यावरच काढा.